100 ग्रॅम लोकर आणि एक टोपी: हातानं कातून विणायला शिकणाऱ्यांसाठी

माझ्याकडे बुटाचं एक जुनं खोकं आहे. त्यात बाहुलीच्या डोक्यावरही बसणार नाही अशी आटलेली टोपी आहे, टाचेला भोक पडलेला एकुलता एक मोजा आहे, एका बाजूला कलंडलेला हातरुमालाएवढा तुकडा आहे आणि एक धागाही आहे, ज्याला धागा म्हणावं की सुरवंट हे अजून ठरलेलं नाही. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली आहे: काय करायचं होतं, काय झालं, का झालं. जमलेल्या वस्तू कुणाकुणाला देऊन टाकल्या, त्या गेल्या. फसलेल्या मात्र सगळ्या माझ्यापाशी आहेत, आणि हा लेख मी त्या खोक्यातूनच लिहिते आहे.

ज्यांना दोन सुयांवर सुलट आणि उलट टाका येतो, पण लोकर कधी कातलेली नाही, त्यांच्यासाठी हे आहे. सुरुवातीला 100 ग्रॅम लोकर आणि एक टकळी लागेल, शेवटी एक टोपी होईल. रोज अर्धा-पाऊण तास बसलात तर तीन-चार आठवडे धरा. घाई असेल तर सरळ तयार लोकरीचा गुंडा आणून विणा, त्यात कमीपणा काहीच नाही.

लोकर आणि टकळी

मेंढीच्या अंगावरून उतरलेली कच्ची लोकर पहिल्याच वेळी घेऊ नका. तिच्यात लॅनोलिनचा तेलकटपणा असतो, माती असते, काड्या असतात, आणि ती धुणं हे एक वेगळंच शास्त्र आहे. धुऊन, विंचरून लांब पट्टीसारखी केलेली लोकर मिळते, तिला ‘टॉप’ म्हणतात. ती घ्या. रंगवलेली नको, पांढरी किंवा फिकट घ्या, म्हणजे पीळ डोळ्यांना दिसतो.

मेंढीची जात कोणती? कॉरिडेल. तिचे तंतू साधारण 25 ते 31 मायक्रॉन जाड आणि 8 ते 15 सेंटीमीटर लांब असतात. एकमेकांना धरून राहतात आणि नवशिक्या हाताला सवलत देतात. सगळ्यांना मोह पडतो तो मेरिनोचा, कारण ती गालाला लावली की सोडवत नाही. मलाही पडला होता. मेरिनोचे तंतू बारीक, तुलनेनं आखूड आणि निसरडे. पहिल्या दिवशी ती हातातून पळत राहते आणि आपल्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. ‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकरही टाळा. लोकरीच्या तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले असतात. सुपरवॉशमध्ये ते झिजवून किंवा झाकून टाकलेले असतात, म्हणजे तंतूंची एकमेकांवरची पकडच जाते.

लोकर घरी आली की एक गोष्ट आधी करा. पट्टीच्या टोकाशी चिमटीनं एक झुपका अलगद ओढून काढा, टेबलावर ठेवा आणि त्याची लांबी मोजा. समजा 10 सेंटीमीटर आली. हा आकडा कागदावर लिहा. कातताना दोन हातांमध्ये किती अंतर ठेवायचं, ते यावर ठरतं, आणि नव्वद टक्के रडारड या अंतराचीच असते.

टकळी 40 ते 60 ग्रॅम वजनाची असावी. फार हलकी लगेच थांबून उलटी फिरते, फार जड कच्चा धागा तोडते. चकतीचं वजन काठाशी असेल तर टकळी सावकाश पण खूप वेळ फिरते. मधोमध असेल तर झरझर फिरते आणि लवकर दमते. शिकायला पहिली बरी. दांडीच्या टोकाला आकडा असावा, आणि फिरवून पाहिली तर तिनं डुगडुगू नये. अश्मयुगाच्या अखेरच्या वस्त्यांच्या उत्खननात मातीच्या आणि दगडाच्या चकत्या सापडतात, त्या याच कामाच्या. चरखा त्यानंतर हजारो वर्षांनी आला, म्हणजे मधल्या सगळ्या काळातलं कापड, दोर, शिडं, सगळं या दांडी-चकतीवर कातलेलं. तेव्हा ‘टकळीवर खरं कातणं होत नाही’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

कातणं

टकळीच्या दांडीला चकतीजवळ 60 सेंटीमीटर तयार लोकरीचा धागा बांधा, तो वर आणून आकड्यातून घ्या आणि टोकाला छोटा फास ठेवा. लोकरीच्या पट्टीचा हातभर तुकडा घ्या, तो उभा फाडून तीन-चार सडपातळ पट्ट्या करा. जाड पट्टीतून ओढत बसायचं आणि मग हात दुखतो म्हणायचं, हे करू नका. एका पट्टीचं टोक फासातून घालून दुमडा.

आता टकळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा. दिशा कागदावर लिहून टकळीजवळ ठेवा. हसू नका, दोन दिवसांनी पुन्हा बसलात की आठवत नाही, आणि उलट फिरवली की केलेला सगळा पीळ उलगडून टकळी पायावर पडते.

लटकत्या टकळीवर एकदम कातायला जाऊ नका. आधी असं करा: टकळी फिरवून धाग्यात भरपूर पीळ साठवा, मग ती दोन गुडघ्यांत धरून थांबवा. खालच्या हाताच्या चिमटीनं पीळ अडवून ठेवा. वरच्या हातानं लोकर सैल धरून मागे ओढा, तंतू एकमेकांवरून सरकू द्या. पट्टी विरळ झाली की खालची चिमटी सोडून वर सरकवा. पीळ आपोआप वर चढतो आणि विरळ लोकरीचा डोळ्यांदेखत धागा होतो. पीळ संपला की पुन्हा फिरवा, पुन्हा गुडघ्यांत. फिरवणं आणि ओढणं ही दोन कामं वेगळी केली की मेंदूला उसंत मिळते. चार-पाच दिवसांत तुमच्या नकळत टकळी लटकती राहू लागेल.

लोकर ओढली जात नसेल, दोरखंडासारखी घट्ट वाटत असेल, तर दोनच कारणं संभवतात. एक, हात फार जवळ आहेत. आपला झुपका 10 सेंटीमीटरचा होता. दोन चिमट्यांमध्ये 6 सेंटीमीटर ठेवलेत तर एकेका तंतूची दोन्ही टोकं तुमच्याच हातांत आहेत आणि तुम्ही तंतूच ताणताय. हात 11-12 सेंटीमीटर लांब न्या, लोणी ओढल्यासारखी सरकेल. दोन, पीळ चिमटीतून निसटून लोकरीत शिरला आहे. मग टकळी थोडी उलट फिरवा, तो भाग मोकळा करा आणि पुन्हा सुरू करा. जोर लावून काही होत नाही. जोर लावला की लोकर तुटते, आणि तुटली की आपण पुढच्या वेळी अजून घट्ट धरतो.

पिळाची एक खोड ओळखून घ्या: तो बारीक जागी धावतो आणि जाड जागी जायचा कंटाळा करतो. म्हणून नवशिक्यांच्या धाग्यात तारेसारखे कडक भाग आणि त्यांच्या मध्ये कापसासारखे फुगीर भाग दिसतात. फुगीर भाग दिसला की त्याच्या दोन्ही बाजूंना चिमटी धरा, थोडा पीळ उलगडा, हलकेच ताणा आणि सोडा. लगेच दिसला तर दुरुस्त करा, टकळीवर गुंडाळला गेला असेल तर राहू द्या. माझा तो सुरवंट या दोन्ही टोकांचा नमुना आहे: बोटाएवढे फुगे आणि मध्ये पतंगाच्या मांजासारखे दुवे. चिठ्ठीवर लिहिलंय, ‘हात जवळ. घाबरून पीळ जास्त.’ पण गंमत अशी की आता कितीही ठरवलं तरी मला तसा धागा कातता येत नाही. पहिल्या धाग्याचे दोन मीटर जपून ठेवा, हात बसला की तो पुन्हा होत नाही.

पीळ पुरेसा झाला हे कसं ओळखायचं? टकळीपाशी नुकता कातलेला हातभर धागा सैल सोडा. तो आपणहून दुमडून स्वतःभोवती गुंडाळला जाईल. हा दुपदरी दोर तुम्हाला आवडतो का? दोर विस्कटलेला, सैल वाटला तर पीळ कमी आहे. डुकराच्या शेपटीसारख्या गाठी पडत असतील तर जास्त. दोर गोल, मऊ आणि बऱ्यापैकी सरळ असेल तर तोच तुमचा धागा. त्यातला बोटभर तुकडा कापून कार्डाला चिकटवा, कारण थोड्याच वेळात टकळीवरचा पीळ ‘झोपतो’. मग धागा शहाण्यासारखा सरळ दिसतो आणि ही चाचणी खोटं बोलते.

साधारण 25 ग्रॅम झाली की धागा उतरवून त्याची गोळी करा. चार गोळ्या होतील, त्यांना 1 ते 4 क्रमांक द्या. क्रमांक का, ते लगेच सांगते.

दोन पदर

एकपदरी धाग्यानं विणता येत नाही असं नाही. पण त्यात पिळाचा जोर एकाच दिशेचा असतो आणि तो जोर विणीतून बाहेर पडायला वाट शोधतो. माझ्या खोक्यातला कलंडलेला तुकडा ताज्या एकपदरी धाग्याचा आहे, एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा विणलेला. चौकोन विणला, झाला पतंग. सगळ्या ओळी सुलट घातल्या असत्या, किंवा सुलट-उलट आलटून पालटून साबुदाण्याची वीण घातली असती, तर तो बराचसा सरळ राहिला असता, कारण त्या विणींत दोन्ही बाजूंचे टाके एकमेकांना सांभाळतात.

दोन पदर एकत्र पिळले की हा जोर एकमेकांविरुद्ध जातो आणि धागा शांत होतो. अट एकच: पदर उलट दिशेनं पिळायचे. कातताना घड्याळाच्या दिशेनं, तर पदर करताना घड्याळाच्या उलट.

आता ते क्रमांक. पहिल्या गोळीचा धागा जाडाभरडा असेल, चौथीचा बारीक, कारण मधल्या दिवसांत तुमचा हात सुधारला. पहिलीला चौथीबरोबर पिळा आणि दुसरीला तिसरीबरोबर. जाड-बारीक एकमेकांत मुरतात आणि दोन्ही लड्या जवळजवळ सारख्या होतात. हे न करता 1 आणि 2, मग 3 आणि 4 पिळलेत तर टोपीची खालची पट्टी एका माणसानं कातलेली आणि शेंडा दुसऱ्याच माणसानं, असं दिसेल.

दोन गोळ्या दोन वेगळ्या भांड्यांत ठेवा, नाहीतर त्या एकमेकींच्या गळ्यात पडतात. दोन्ही धागे टकळीच्या धाग्याला बांधा, दोन बोटांमध्ये वेगळे धरा, सारखे ताणून ठेवा आणि टकळी उलट दिशेनं फिरवा. एक पदर सैल राहिला तर तो दुसऱ्याभोवती वेलीसारखा चढतो, आणि तो धागा दिसायला छान असला तरी ओढ लागली की तुटतो. पीळ किती, हे कार्डाला चिकटवलेला तुकडा सांगेल, त्याच्याशी ताडून पाहत चला. बारीक धाग्याची गोळी वजन सारखं असूनही लांबीला जास्त भरते, म्हणून थोडा एकपदरी धागा उरतोच. त्याची पुन्हा गोळी करा आणि तिचं आतलं आणि बाहेरचं टोक एकत्र पिळून संपवा.

धुणं आणि मोजणं

खुर्चीच्या पाठीला गुंडाळत धाग्याची लडी करा. खुर्चीवरून काढायच्या आधी तिला चार ठिकाणी सुती दोऱ्यानं सैल बांधा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं, लडीच्या मधून दोरा घेत. मी एकदा एकाच ठिकाणी बांधली होती. त्या रविवारचं बाकी काही आठवत नाही, फक्त गुंता आठवतो.

कोमट पाण्यात साबणाचे चार थेंब टाका आणि लडी बुडवून अर्धा तास तशीच ठेवा. चोळायची नाही, पिळायची नाही, ढवळायची नाही. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकायची नाही. ते मघाचे खवले आठवा: ओल, ऊब आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत, लोकरीचा नमदा होतो. बाहेर काढा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, दोन्ही हातांत लडी धरून दोन-तीन झटके द्या आणि सावलीत टांगा. खाली वजन लटकवू नका. वजनानं धागा तात्पुरता सरळ दिसतो, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा तो विणल्यावर पहिल्याच धुण्यात परत येतो.

वाळलेली लडी हातावर टांगली की मोकळ्या माळेसारखी सरळ लोंबली पाहिजे. एखादा वेढा बसला तरी चालतं. दोरीसारखी वळली तर पदरांचा पीळ कमी-जास्त आहे. पहिल्या वेळी मी तरी पुन्हा कातायला बसणार नाही.

लांबी आता मोजा. धुण्याआधी मोजलेली उपयोगाची नाही, कारण धागा पाण्यात फुगतो आणि आखडतो. लडीचा घेर गुणिले वेढे. माझ्या पहिल्या नीट जमलेल्या धाग्याचं कार्ड समोर आहे: दोन्ही लड्या मिळून घेर 1.3 मीटर, वेढे 98, म्हणजे सुमारे 127 मीटर. वजन 94 ग्रॅम, 6 ग्रॅम तुकड्यांत आणि जमिनीवर गेले. जाडी मोजायला मोजपट्टीभोवती धागा शेजारी शेजारी गुंडाळा, न ताणता, न दाबता. 2.5 सेंटीमीटरमध्ये माझे 9 ते 10 वेढे बसले. यावरून सुईचा पहिला अंदाज करता येतो: वेढ्यांच्या साधारण निम्मे टाके त्याच 2.5 सेंटीमीटरमध्ये येतात. म्हणजे साडेचार ते पाच टाके, आणि त्याला 5 मिलिमीटरची सुई घेऊन पाहावी.

हे सगळं त्याच कार्डावर लिहा: लोकर, टकळी, तारीख, वजन, लांबी, वेढे आणि धुतलेल्या धाग्याचा तुकडा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण माझ्या खोक्यात असं कार्ड असलेली एकही वस्तू नाही, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूची कथा सारखी आहे: काय करायचं ते मी आधीच ठरवलं होतं आणि धाग्याला ते जमेल का, हे नंतर पाहिलं. तो मोजा मऊ एकपदरी मेरिनोचा होता. मोज्याला लांब तंतू, कडक पीळ आणि तीन पदर हवेत. मी त्याला गालाला लावून निवडलं आणि टाचेला लावून वापरलं.

नमुन्याचा तुकडा

‘टोपीच तर आहे, नमुना कशाला?’ हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. स्वेटरची गोष्ट सांगते, तो खोक्यात मावत नाही म्हणून कपाटात आहे. नमुन्यात 10 सेंटीमीटरला 20 टाके हवे होते, छातीचा घेर 100 सेंटीमीटर, म्हणून 200 टाके. मी चार बोटांचा तुकडा विणला, न धुता पट्टी लावली, 20 दिसले. धुतल्यावर वीण सैलावली आणि ते 18 झाले. 200 टाक्यांना 18 प्रमाणे 111 सेंटीमीटर होतात. दोन टाक्यांच्या फरकानं 11 सेंटीमीटर. तो स्वेटर आता पांघरूण म्हणून वापरात आहे, अगदीच वाया गेला असं नाही.

तर 15 सेंटीमीटरचा चौकोन विणा. टोपी गोल सुईवर, म्हणजे दोन टोकं लवचीक दोरीनं जोडलेल्या सुईवर, फेऱ्या घालत होणार आहे, म्हणजे सगळे टाके सुलट. सरळ सुयांवर सुलट-उलट विणलेल्या तुकड्याचं माप वेगळं येऊ शकतं, कारण बहुतेकांचा उलट टाका सुलट्यापेक्षा सैल पडतो. म्हणून तुकडाही गोल सुईवर घ्या: ओळ संपली की टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, धागा मागून सैल आणा आणि पुन्हा सुलट सुरू करा. टोपी जशी धुणार तसाच तो धुवा, वाळवा, आणि मग मधल्या 10 सेंटीमीटरमधले टाके मोजा. माझे 18 टाके आले, ओळी 24.

या तुकड्याचा आणखी एक उपयोग आहे, तो फार कमी लोक करतात. त्याचं वजन करा. माझा 15 बाय 15 म्हणजे 225 चौरस सेंटीमीटरचा तुकडा 12 ग्रॅम भरला. टोपी पसरली तर 49 बाय 22 सेंटीमीटर, म्हणजे सुमारे 1,078 चौरस सेंटीमीटर. त्रैराशिक मांडलं की साडेसत्तावन्न ग्रॅम. काठाची वीण दाट असते, तिच्यासाठी थोडे वाढवले, 65 ग्रॅम धरले. हातात होते 82. आता मात्र निश्चिंत विणता येतं. ‘पुरेल का, पुरेल का’ करत भराभर विणलं म्हणून धागा पुरत नाही.

टोपी

डोक्याचा घेर मोजा. समजा 56 सेंटीमीटर. टोपी डोक्याला धरून राहायला घेरापेक्षा 5 सेंटीमीटर कमी हवी, म्हणजे 51. 10 सेंटीमीटरला 18 टाके, तर 51 ला जवळपास 92. पण काठ दोन सुलट, दोन उलट असा, म्हणून 4 नं भाग जायला हवा, आणि शेंडा आठ पाकळ्यांचा, म्हणून 8 नंही. जवळचे आकडे 88 आणि 96. मी 88 घेते, म्हणजे 49 सेंटीमीटर. टोपी घालून घालून सैल होते, घट्ट होत नाही.

टाके घालताना धाग्याचं शेपूट रुंदीच्या तिप्पट सोडा, म्हणजे दीड मीटर, आणि वर वीतभर. 84 व्या टाक्याला शेपूट संपणं हा अनुभव एकदा घेतला की पुरतो. 40 सेंटीमीटरची गोल सुई घ्या. गोल जोडण्याआधी सुई टेबलावर ठेवून टाक्यांची सगळी बूडं आतल्या बाजूला आहेत ना, ते बघा. माळ पिळली गेली असेल तर दोन-तीन फेऱ्यांनंतर ती कशानंच सरळ होत नाही, उसवावंच लागतं.

दोन सुलट, दोन उलट असं 5 सेंटीमीटर विणा. मग सगळे सुलट, सुरुवातीपासून 14 सेंटीमीटर होईपर्यंत. इथे काही सांगण्यासारखं नाही, गप्पा मारत विणा. धागा जिथे फुगीर आहे तिथे टाका मोठा दिसेल, दिसू द्या. दुसऱ्या लडीचा धागा जोडायला गाठ मारू नका. दोन्ही टोकं दोन-तीन सेंटीमीटर विस्कटा, एकमेकांवर ठेवा, ओली करा आणि तळहातांत जोरात घासा. जो नमदा लडी धुताना नको होता, तो इथे हवा आहे. सुपरवॉशला हे जमत नाही.

शेंड्यासाठी 88 चे आठ भाग, प्रत्येकात 11 टाके. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला रंगीत दोरा अडकवा. 9 सुलट, 2 टाके एकत्र विणून त्यांचा एक, असं आठ वेळा, 80 उरतात. एक फेरी साधी. मग 8 सुलट, 2 एकत्र; 72. पुन्हा साधी फेरी. असं एक आड एक फेरी घटवत 8 टाक्यांवर या. कमी करण्याच्या 10 फेऱ्या आणि मधल्या 9 साध्या, मिळून 19 फेऱ्या, म्हणजे जवळपास 8 सेंटीमीटर. टाके गोल सुईवर पुरेनासे झाले की दोन्ही बाजूंना टोक असलेल्या चार-पाच आखूड सुया घ्या. शेवटी धागा कापून आठही टाक्यांतून ओवा, ओढून बंद करा आणि टोक आतून फिरवून लपवा.

मध्येच टाका सुटला तर सुई खाली ठेवा, घाबरून कापड ओढू नका. सुटलेला टाका शिडी करत खाली जातो. क्रोशाची सुई त्या टाक्यात घाला आणि शिडीची एकेक पायरी त्यातून ओढत वर या. चार ओळींखाली चूक दिसली तरी हाच उपाय: फक्त तेवढा एक टाका मुद्दाम सोडायचा आणि पुन्हा चढवायचा. सगळं उसवायची पाळी आलीच, तर आधी चुकीच्या खालच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्यातून सुती दोरा ओवून घ्या. उसवणं बरोबर त्या दोऱ्यापाशी थांबतं.

टोपी झाली की लडी धुतली तशीच धुवा आणि उपड्या वाडग्यावर वाळवा. घरातल्या सगळ्यांना, अगदी सगळ्यांना, ती मशीनमध्ये टाकायची नाही हे सांगून ठेवा. माझी पहिली टोपी चांगली झाली होती. ती गेली चादरींबरोबर गरम पाण्यात, कुणाच्या तरी सद्भावनेनं, आणि परत आली तेव्हा तिच्यात लिंबू मावलं असतं. कात्रीनं कापली तरी तिचा धागा सुटत नाही इतका तो घट्ट नमदा आहे. मी तिच्यात टाचण्या टोचते.

वापरून झाल्यावर ठेवताना टोपी धुऊन ठेवा. कपड्यांची कसर म्हणतात ती खरी पतंगाची अळी. तिला लोकरीतलं केराटिन हे प्रथिन पचतं आणि घामट, मळकी लोकर तिला जास्त आवडते. बंद पिशवी उत्तम. कुठे बारीक भोकं दिसलीच तर पिशवी सीलबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर ठेवा आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

माझ्या त्या टोपीला शेवटी 66 ग्रॅम लागले, अंदाजापेक्षा एक जास्त. 16 ग्रॅम उरले, म्हणजे सुमारे 22 मीटर. ते मी कार्डाबरोबर एका पाकिटात ठेवलेत. टोपीला कुठे भोक पडलंच, तर अगदी त्याच हाताचा, त्याच महिन्यातला धागा रफूला लागेल, आणि तो आता मला कातता येणार नाही.